आईची डावी भुवई

१२ जानेवारी

लांब्या,

आशीर्वाद तयार आहेत, पण इतक्यात देत नाही.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे जागच्या जागी आहेत. तुझ्याशी जन्मात बोलणार नाही असं मी म्हणाले होते आणि त्या शब्दाला मी अजून जागून आहे. लिहिणार नाही असं म्हणाले नव्हते. तेव्हा हे वाचून लगेच फोन करायला जाऊ नकोस. आईच्या फोनवर तुझा आवाज आला की मी उठून कारखान्यात जाते, हे ती तुला सांगत असेलच.

आई उत्तम. कारखाना उत्तम. पेंटरकाका उत्तम. माझं विचारू नकोस.

आता मुद्दा. तुमच्या कंपनीचं कपड्यांचं दुकान आमच्या चौकात उघडलं. सायकलवाल्याची जागा होती ना, ती. एवढ्या काचा आणि एवढे दिवे की समोरच्या डॉक्टरांना रात्री ट्यूबलाइट लावावी लागत नाही म्हणे. आईला बघायची हौस, म्हणून घेऊन गेले. आई दारातच थबकली. काचेमागे ओळीने बायका उभ्या, हात कमरेवर, अंगावर एकाहून एक कपडे, आणि मानेच्या वर काही नाही!

आईने तिथल्या मुलीला विचारलं, "यांची डोकी यायचीयत का अजून?"

"नाही आजी, या अशाच असतात."

"सगळ्याच?"

"सगळ्याच. हेड ऑफिसचा नियम आहे. जगात सगळीकडे अशाच."

यावर आई भर दुकानात मला म्हणते, "अगं, म्हणजे आपला लांब्या बसतो तिथेच ना ठरलं हे?" त्या मुलीचे कान टवकारले. मी आईला दंडाला धरून बाहेर आणलं. कुठे तोंड लपवू असं झालं मला.

लांब्या, डोकी करणाऱ्याच्या पोटी जन्माला आलास तू. बाबांनी आयुष्यभर दुकानांसाठी पुतळे केले आणि सगळ्या पुतळ्यांना एकच चेहरा दिला. मुद्दाम नाही. दुसरा करायला जायचे, नाक वेगळं घ्यायचे, हनुवटी वेगळी घ्यायचे, आणि रंग देऊन झाला की परत आईच. गावात कापडाचं दुकान म्हटलं की त्यात आपली आई उभी, डावी भुवई जरा वर, 'हे घालून बाहेर जाणार आहेस?' असं विचारत. आणि बाबा जाऊन महिना होत नाही तोच तू म्हणालास, "ताई, डोकं कुणाला लागत नाही आता. साचा मानेपर्यंतच ठेवू, खर्च निम्म्यावर येईल." मग मी हातातलं डोकं फेकून मारणार नाही तर काय करणार? तू वाकलास म्हणून खिडकी फुटली. ती काच तू अजून भरून दिलेली नाहीस.

बरं, तुमच्या दुकानाचं तुम्हाला लखलाभ. पण आता गावातल्या सगळ्यांच्या अंगात आलंय. परवा कापडवाले शेठ हातगाडी घेऊन दारात. गाडीवर त्यांचे सगळे पुतळे आडवे टाकलेले, वरून चादर. रस्त्यावरचे लोक बाजूला होऊन हात जोडत होते म्हणे. मला वाटलं रंग उडाला असेल. शेठ खाली मान घालून म्हणाले, "ताई, जरा डोकी उतरवून द्याल?"

"का? काय केलं त्यांनी?"

"तसं नाही हो. गिऱ्हाईक म्हणतं, तुमचं दुकान जुनाट दिसतं."

मी कपाळाला हात लावला. पण दिली उतरवून. पेंटरकाकांनी करवत धरली, मी मान धरली. जोडताना बाबांनी जेवढी मजुरी घेतली नसेल तेवढी मी कापायची घेतली. ते बघून बाकीचे दुकानदारही आले. आता मागची खोली डोक्यांनी भरलीय. आई काल काडेपेटी शोधायला आत गेली आणि तशीच बाहेर आली. म्हणाली, "एवढ्या मी एकदम कधी पाहिल्या नव्हत्या. सगळ्या माझ्याकडेच बघतायत."

नवी ऑर्डर एक नाही. उन्हाळ्यापर्यंत डोकी चालली नाहीत तर कारखान्याला कुलूप लावावं लागेल, हे तुला सरळ सांगते. तुमचा नियम बदल.

तुझी (नाइलाजाने) ताई


२० फेब्रुवारी

लांब्या,

तुझं उत्तर मिळालं. एवढ्या वर्षांनी चार ओळी, त्यातल्या दोन हवामानाच्या! तुझं म्हणणं असं की, चेहरा असला की ती बाई कुठल्या तरी एका जागची होते, मग दुसऱ्या जागेच्या गिऱ्हाइकाला ती परकी वाटते. डोकंच नसलं की ती कुठल्याही देशात खपते. वा रे वा! तू तिकडे राहतोस तोही असाच का?

ते असो. तुझ्या नियमाने इकडे काय रामायण झालं ते ऐक.

आमच्या नगरसेविकाबाई आल्या. निवडणूक तोंडावर आहे, त्यामुळे हल्ली त्या कुणाच्याही घरी येतात, पण या वेळी चपला काढून आत आल्या. म्हणाल्या, "परदेशी कंपनी आपल्या चौकात बिनडोक्याच्या बायका उभ्या करते. काय सुचवायचंय यांना? आमच्या बायकांनी फक्त कपडे घालायचे, विचार करायचा नाही? हा आपल्या संस्कृतीवर घाला आहे. मी मोर्चा काढणार. तुमची डोकी पाहिजेत."

मी म्हटलं, भाड्याने देईन. पोचा आला तर भरपाई.

मग त्यांनी हळूच विचारलं, "डोकी शंभर टक्के इथली आहेत ना? पत्रकार विचारतील."

मी खोटं कशाला बोलू? सांगितलं, "फायबर बाहेरचं, रेझीन बाहेरचं, ब्रश बाहेरचे, पापण्या तर दोन समुद्र ओलांडून येतात. चेहरा तेवढा इथला."

"तेवढं पुरे," त्या म्हणाल्या. "बाकीचं बोलू नका."

आणि खरं सांगू, त्या गेल्यावर मीच विचारात पडले. तुमचा अख्खा पुतळा बोटीत बसून जगाला वळसा घालून चौकात येतो आणि तरी माझ्या नुसत्या रेझीनच्या डब्यापेक्षा स्वस्त पडतो. हे कसलं गणित आहे? तू शिकलेला आहेस, कधीतरी समजावून सांग. पत्राने.

मोर्चा निघाला. पुढे नगरसेविकाबाई, मागे शंभरएक बायका, प्रत्येकीच्या काठीवर आई. लांबून ते इतकं भयंकर दिसत होतं की वळणावरचा पोलीस शिट्टी तोंडात धरून नुसताच उभा राहिला, वाजवेना. आई गच्चीतून बघत होती. म्हणाली, "माझी एवढी मिरवणूक लग्नातसुद्धा निघाली नव्हती."

घोषणा देऊन देऊन घसे बसले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की दुकानात सेल लागलाय. झालं! आधी दोघी गेल्या, मग दहा, मग सगळ्याच. दारावरच्या रखवालदाराने अडवलं. "काठ्या-बिठ्या आत नाहीत न्यायच्या. डोकी बाहेर ठेवा आणि टोकन घ्या." त्या बायांनी ठेवली की रे! सामान ठेवायच्या फडताळात खालपासून वरपर्यंत आई, प्रत्येक खणात एक, प्रत्येकीची भुवई वर, आणि मोर्चेकरणी आत ट्रायल रूमच्या रांगेत. कुणीतरी फोटो काढला. तो म्हणे जगभर फिरतोय. तू पाहिलाच असशील.

दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचे लोक हजर. त्यांना दुकानाच्या बाजूने मोर्चा काढायचाय, कारण दुकानाने आमच्या पोरींना नोकऱ्या दिल्या. तेही खरंच आहे, शेजारणीची धाकटी तिथे लागलीय आणि घरात पहिल्यांदाच तिचा शब्द चालतो. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे हसरी डोकी आहेत का?"

"नाहीत."

"एकही?"

"आमची आई फोटोतसुद्धा हसत नाही."

तरी घेऊन गेले. तीच डोकी, पण खाली हार घातले. आता एवढ्यावरून मला दोन्ही डगरींवर हात ठेवणारी म्हणू नकोस. डोकी माझी, राजकारण त्यांचं.

पेंटरकाकांचा हात जरा थरथरतो. गारठ्यामुळे असेल.

तुझी ताई


३० मार्च

लांब्या,

काय हे ऐकतेय मी! त्या फडताळाच्या फोटोने तुमच्या साहेबांची झोप उडवली म्हणे. म्हणजे मी चार पानं लिहून तुमचा नियम हलला नाही आणि टोकन लावलेल्या आईने हलवला.

तुमच्या दुकानाचा मॅनेजर स्वतः कारखान्यात आला. सभ्य माणूस आहे, फक्त दर वाक्याला घड्याळ बघतो. तीन डोकी घेऊन गेला, 'प्रायोगिक तत्त्वावर'. बसवायची म्हटलं तर पंचाईत! तुमच्या पुतळ्यांच्या माना बारीक, आपली डोकी बसेनात. मी चिंध्या गुंडाळून घट्ट केली आणि वर स्कार्फ बांधून दिले. लोकांना वाटलं नवी फॅशन. आता निम्म्या गावाच्या गळ्यात स्कार्फ आहेत, या उकाड्यात.

आणि नंतर जे झालं ते मॅनेजरने मला खुर्चीवरून उठून सांगितलं. विक्री तेवढीच राहिली, पण घेतलेला माल परत करायला कुणी येईना! आधी म्हणे बायका ढीगभर कपडे न्यायच्या, घरी आरशात बघायच्या आणि निम्मे परत आणायच्या. आता घेण्याआधीच समोर आई. 'हे घालून बाहेर जाणार आहेस?' ज्या घेतात त्या पक्कं ठरवून घेतात. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, या चेहऱ्याने आमचं फार मोठं नुकसान वाचवलंय." मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "हे तर मी तुम्हा दोघांसाठी फुकट करत होते."

मग इतर देशांत डोकी पाठवली गेली आणि तिकडचे अहवाल आले. ते मॅनेजरने वाचून दाखवले तेव्हा मी आणि आई पोट धरून हसलो. एका ठिकाणी लोकांना वाटतं ती बाई काहीतरी विचारतेय, म्हणून ते तिला उत्तर देतात. एका ठिकाणी म्हणे ती कुणी राणी आहे असं समजून तिच्यापुढून जाताना पुरुष टोपी नीट करतात. आणि एका ठिकाणी तरुण मुलं म्हणतात की ती डोळा मारतेय! ते ऐकून आईने भुवई अशी काही वर घेतली की मॅनेजरने पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता तिच्याकडे बघितलं. "अहो," तो म्हणाला, "म्हणजे या तुम्हीच!"

तर आता मोठी ऑर्डर आलीय, सगळ्या देशांतल्या दुकानांसाठी. कारखान्याला कुलूप लागणार नाही. बाबा असते तर पेढे... जाऊ दे.

पण एक विचारते. ऑर्डरच्या पत्राखाली सही तुझी आणि वर मायना 'आदरणीय पुरवठादार'? अरे, तुझं नाक पुसलंय मी! बरं, तुला असंच हवं असेल तर तसं. मलाही येतं.

ताई


१८ एप्रिल

प्रति,
माननीय अधिकारी,
सजावट व खरेदी विभाग

महोदय,

आपल्या दिनांक ६ च्या पत्रात आपण कळवले आहे की आमचे नमुने नापास झाले आहेत, कारण 'भुवईत अपेक्षित भाव नाही'. याबाबत खुलासा पुढीलप्रमाणे.

आमचे ज्येष्ठ रंगकर्मी (पेंटरकाका) यांचा हात थरथरत असल्याने ते मुलीकडे राहावयास गेले आहेत. जाताना ते रडले, पण ही बाब कार्यालयीन नाही. त्यामुळे नमुन्यांच्या भुवया आमच्या मालकीणबाईंनी स्वतः रंगवल्या. पहिल्या डोक्यात पुतळ्याला कुणीतरी मागून चिमटा काढल्यासारखा भाव आला. दुसऱ्यात झोपेतून उठवल्यासारखा. तिसरे डोके आमच्या मातोश्रींना दाखवले असता त्यांनी "ही कोण बाई?" असे विचारले.

सदर भुवई काढण्याची रीत आपणास ठाऊक असेलच. ब्रश उचलायचा नाही, एका दमात नाकाकडून कानाकडे जायचे आणि शेवटी मनगट किंचित वर झटकायचे. आमच्या संस्थापकांना ती येत होती. त्यांनी ती फक्त एका व्यक्तीस शिकवली. ती व्यक्ती आमच्या मालकीणबाई नव्हेत. 'मलाही शिकवा' असे मालकीणबाईंनी पुष्कळदा म्हटले होते, पण "तुझं मनगट जड आहे, तू साचे बघ" असे उत्तर मिळाले. असो.

तरी आपल्या कार्यालयात उंच, वाकून चालणारा, डावखुरा, जेवताना पुस्तक वाचणारा असा कुणी तंत्रज्ञ असल्यास त्यास काही दिवसांसाठी आमच्याकडे पाठवावे. राहण्याची व जेवणाची सोय होईल. संभाषणाची सोय होणार नाही.

आपली नम्र,
पुरवठादार

ता. क. आपण पर्याय म्हणून पाठवलेले भुवयांचे स्टिकर मिळाले. धन्य आहात. डोकं इथलं, भुवई एका देशातून, केसांचा टोप दुसऱ्या देशातून, खोका तिसऱ्यातून. एका आईला एवढे देश लागले! आणि या उन्हात ते स्टिकर टिकतात होय? काल दुपारी बघते तर सगळ्या भुवया घसरून गालांवर आलेल्या. ऊन लागू नये म्हणून आईने त्यांतल्या एकीवर चक्क पदर धरला. मेल्या, ये की आता.


९ मे

लांब्या,

तुझं पत्र आलं. रजा मिळवायची खटपट करतोस, नक्की सांगता येत नाही, वगैरे. मागच्या पत्रात मी शेवटी जे चार शब्द लिहिले त्यांचा भलता अर्थ काढू नकोस. घाईत लिहिले गेले.

स्पष्ट सांगते, म्हणजे दोघांनाही सोपं. मॅनेजर म्हणतो, महिन्याभरात भुवया नीट झाल्या नाहीत तर साचा तुमच्या परदेशातल्या कारखान्यात जाईल आणि आई तिकडे तयार होईल. तिकडे भुवई मशीन काढेल. तसं झालं तर माझं कुलूप ठरलेलं.

म्हणून ये. पण भुवयांसाठी ये. डोकी रंगवून वाळत घातली आहेत, बाकी सगळं तयार आहे, फक्त भुवई नाही. त्या झाल्या की जा. परतीचं तिकीट काढूनच ये, म्हणजे आईला उगीच आशा लागणार नाही. तिचं तुला माहीत आहे. फोनवर "इकडे सगळं छान, तू तुझं बघ" म्हणते आणि फोन ठेवला की तासभर त्याच खुर्चीत बसून राहते. मी कारखान्यातून येते तेव्हा तशीच असते. मी विचारत नाही, ती सांगत नाही.

आणि आल्यावर मी बोलणार नाही. तेव्हा तुला जे लागेल ते आईला विचार, नाहीतर कागदावर लिही.

ताई


१४ जून

लांब्या,

हे पत्र टपालात टाकत नाही. तू टेबलाच्या पलीकडे बसला आहेस आणि मी कागद तुझ्याकडे सरकवणार आहे. वाचताना तोंड उघडू नकोस. आधी पूर्ण वाच.

तू आलास त्याला दोन आठवडे होऊन गेले. पहिल्या दिवशी बॅग ठेवलीस, आईच्या पाया पडलास, आईने तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "केस किती गेले रे तुझे." मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मग तू सरळ इथे येऊन बसलास, ब्रश रंगात बुडवलास आणि पहिली भुवई काढलीस. मनगट झटकलंस. मी साचा घासायचं सोडून बघत राहिले. अगदी बाबा! मला तुझा इतका राग आला की काय सांगू.

त्यानंतर मात्र तुझा वेग बघून मी आईकडे रोज कुरकुर केली. बाबा दुपारपर्यंत ओळच्या ओळ उडवायचे. तू एक भुवई काढतोस, तिच्याकडे बघतोस, पुसतोस, चहा पितोस, परत काढतोस. मी आईला म्हटलं, "याला सांग, असं केलं तर आपलं दिवाळं निघेल." आईने तुला सांगितलं. तू म्हणालास, "चांगलं काम व्हायचं तर वेळ लागतो." आणि मधेच काम सोडून ते फायबरचं कडं करत बसलास, शेठच्या पुतळ्यांच्या कापलेल्या मानांवर आपली डोकी परत बसावीत म्हणून. शेठ खूश झाले, दोन पुतळ्यांना डोकी बसवूनही घेतली, आणखी दुकानदार विचारायला येतायत. मी मनात म्हटलं, याचं लक्ष कुठे आहे? परदेशातली एवढी ऑर्डर पडलीय आणि हा शेठच्या माना मोजतोय.

आज सकाळी भाजी आणायला गेले तेव्हा तुमचा मॅनेजर भेटला. दुकानाच्या काचेतून पुतळे बाहेर काढत होता. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणाला, "हेड ऑफिसने ठरवलंय, आता जगभर पुतळे बंद. काचेत मोठे पडदे लावायचे, त्यावर चित्रं हलणार." मग माझं तोंड बघून त्याने घड्याळ बघितलं. "तुम्हाला माहीत नाही? अहो, डोक्यांची ऑर्डर तर केव्हाच रद्द झाली. तुम्हाला कळवायचं काम तुमच्या भावाकडेच दिलं होतं. त्यांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. मला वाटलं, येऊन समक्ष सांगितलं असेल."

मी भाजी न घेताच परत आले. रस्त्यात एका बाकावर बसले. आधी तुला शिव्या दिल्या, चांगल्या खणखणीत, शेजारी बसलेला म्हातारा उठून गेला. मग मात्र रडू आलं ते थांबेचना.

म्हणजे तू निघालास तेव्हा तुला ठाऊक होतं की एकाही भुवईची कुणाला गरज नाही. तरी आलास. आणि दोन आठवडे इथे बसून, कुणीही मागितलेल्या नाहीत अशा भुवया काढतोयस. का, ते मला बाकावर कळलं. मी लिहिलं होतं, भुवयांसाठी ये आणि झाल्या की जा. तुला वाटलं, काम नाही म्हटलं तर ही मला दारातूनच परत पाठवेल. वाटणारच. माझ्यासारख्या बाईबद्दल दुसरं काय वाटणार?

कारखान्याचं काय होईल ते मला माहीत नाही. ती कडी चालली तर गावापुरतं काम मिळेल, नाही चालली तर बघू. जगाला डोकी हवीत की नकोत हे ते दर सहा महिन्यांनी बदलणार, आपण त्यांच्यामागे किती धावायचं? हे सगळं उद्या बसून बोलू. हो, बोलू.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नाही. तू आल्यापासून ती फोनजवळच्या खुर्चीत बसलेली नाही.

तू आलास, मला फार बरं वाटलं. हे मी एकदाच लिहिते आहे.

आणि आता तो ब्रश जरा नीट चालव. असं मुद्दाम रेंगाळत काम करायला नको. भुवया संपल्या तरी तुला कुणी जा म्हणणार नाही.

ताई